पांढुर्ण्यासाठी सोडलेलं मीठ

पांढुर्णा, ७ जानेवारी १९५७

दादा,

नमस्कार. रागावलेल्या बहिणीचा असला तरी नमस्कारच आहे, ठेवून घे.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, नवं साल लागलं, आणि तुझं एक कार्ड नाही. तुम्ही सचिवालयवाल्यांनी अख्खा कारभार नागपुराहून उचलून भोपाळला नेला. फाइली नेल्या, कपाटं नेली, दौतीसुद्धा नेल्या असतील. मग बहिणीला चार ओळी लिहायलाच शाई कमी पडली का?

घरी सगळं ठीक. मृग बहाराची संत्री यंदा बक्कळ आहेत, रोज स्टेशनावर पेट्या जातात. आई मजेत. मी तिसरीच्या मुलींना पाढे शिकवते आणि त्या मला सबुरी शिकवतात. बाबांचे पाय जरासे सुजलेत, दिवसभर उभं राहून पेट्या भरून घेतात म्हणून असेल. काळजी नसावी.

उत्तर कन्याशाळेच्या पत्त्यावर टाक. घरी तुझं नाव निघालं की बाबा उठून बाहेर जातात.

तुझी अनू

पाकीट चिकटवून झालं होतं, ते पुन्हा उघडलं. सगळं ठीक नाही, दादा. सूज गुडघ्यापर्यंत आली आहे. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. ओसरीच्या दोन पायऱ्या चढले की बाबा खांबाला धरून उभे राहतात आणि आम्हाला दाखवतात की आपण बैलांकडे बघतो आहोत. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून लोडाला टेकून बसून झोपतात. विचारलं तर म्हणतात, "गॅस झाला आहे, बाकी काही नाही." इथल्या मोरेश्वर डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पुढे पाठवायची चिठ्ठी लिहून दिली. एरवी हा माणूस पेशंट हातचा सोडत नाही. आम्ही नागपूरला मोठ्या दवाखान्यात जातो आहोत.

ज्या पायांचं लिहिते आहे ते तेच पाय, दादा. नोव्हेंबरात तुमची गाडी इथे थांबली आणि तू फलाटावर उतरून वाकलास, तेव्हा बाबांनी जे मागे घेतले ते. मी मागे डबा घेऊन उभी होते. पांढुर्णा आणि सौसर नागपूरबरोबर मुंबई राज्यात जावेत म्हणून त्यांनी आणि त्यांचे मित्र सौसरचे भैय्याजी यांनी वर्षभर अर्ज केले, सह्या जमवल्या. नकाशा निघाला आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. आणि पोटचा मुलगा बढतीसाठी भोपाळ मागून घेतो. त्यांचा राग मला समजतो. तुझी नोकरीही समजते. दोघांच्या मध्ये उभं राहून डबा धरणं तेवढं माझ्या नशिबी आलं.

*

पांढुर्णा, १७ जानेवारी १९५७

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या कार्डावर एकच ओळ, "पायांची सूज कशी आहे?" बाकीची जागा काय सरकारी शिक्क्यासाठी सोडली होतीस?

पण आज मी भांडणार नाही. आज मला इतकं सांगायचं आहे की हात मनाच्या मागे पडतो आहे. नीट बस आणि वाच.

नागपूरच्या दवाखान्यात हृदय ऐकायचं यंत्र आहे. दोन्ही मनगटांना आणि घोट्यांना ओली फडकी लावून तारा बांधतात आणि यंत्रातून कागदाची लांब पट्टी निघते, तिच्यावर हृदयाची चाल उमटलेली. बाबांनी आधी विचारून घेतलं, "करंट तं नाही बसत ना जी?" तर हे यंत्र काही देत नाही, नुसतं ऐकून घेतं. आपल्या घरात असं एक पाहिजे होतं.

मोठ्या डॉक्टरांना घाई नव्हती. त्यांनी चित्र काढून समजावलं. ब्लडप्रेशर बरीच वर्षं वाढलेलं असणार, कोणाला कळलं नाही, कारण ते दुखत नाही. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय आधी जाड झालं आणि मग थकलं. जे पुढे ढकलता येत नाही ते मागे तुंबतं. छातीत तुंबलं की दम लागतो, पायात उतरलं की सूज.

"म्हंजे बैल थकला," बाबा म्हणाले. "मोट पुरी वर येऊन नाही राहिली, अन् विहीर भरून राहिली."

डॉक्टरांनी चित्रावरची पेन्सिल खाली ठेवली. "अगदी बरोबर. आता बैलाला विसावा द्यायचा आणि विहिरीतलं पाणी उतरवायचं."

उपाय ऐक. एक गोळी आहे, परदेशातल्या कुठल्याशा फुलझाडाच्या पानापासून केलेली. तिने हृदय सावकाश पण जोर लावून चालतं. जास्त झाली तर तीच विष, म्हणून देण्याआधी नाडी मोजायची आणि नाडी फार मंद असेल तर गोळी द्यायची नाही. हे काम माझ्याकडे आहे. दुसरी गोळी ब्लडप्रेशरची, ती सर्पगंधेच्या मुळीची. आपल्या रानातली सर्पगंधा, दादा, जी वैद्य लोक वेड्यांना देत. ती आता कागदात गुंडाळून दवाखान्यातून मिळते. आणि तिसरं, पाऱ्याचं इंजेक्शन. पारा म्हटल्यावर बाबा खाटेवरून उठून बसले. "मले माराले आणलं का इथं?"

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. इंजेक्शन घेतलं आणि दुपारपासून बाबांच्या लघवीला जी सुरुवात झाली ती दिवेलागणीपर्यंत. भांडं ठेवायचं, उचलायचं, ठेवायचं. शेवटी बाबाच म्हणाले, "पोरी, जाम नदी आहे का काय माह्या पोटात?" सकाळी मी त्यांच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला, पण उथळ. आणि बाबा एका उशीवर आडवे होऊन घोरत होते. ते घोरणं ऐकून मी रडले. एरवी त्याच घोरण्याला आपण दोघं किती नावं ठेवायचो.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. हृदय नवं होत नाही, औषध आता जन्माचं. पण नीट सांभाळलं तर माणूस बागेत फिरतो, नातवंडं खेळवतो. फक्त एक गोष्ट, जिच्यावाचून बाकी सगळं फुकट. मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. मीठ खाऊन इंजेक्शन घेणं म्हणजे एकीकडून विहीर उपसायची आणि दुसरीकडून पाट सोडायचा.

आणि घोडं इथेच अडलं आहे. काल आईने पहिलं अळणी ताट वाढलं. बाबांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "मीठ तं पंगतीत सगळ्यात आधी वाढते. कैद्याले बी मिळते. मी काय पाप केलं?" आज सकाळी लपून लोणचं खाल्लं. साठीचा माणूस, मिशीला तेल लागलेलं, आणि मला म्हणतो कुठलं लोणचं.

सूज कशी आहे ते तू विचारलंस. उतरली आहे. पण तुला त्या पायांचं दुसरंच काही विचारायचं आहे, हे न कळण्याइतकी मी लहान राहिलेली नाही.

तुझी अनू

*

पांढुर्णा, २८ जानेवारी १९५७

दादा,

माझी पाठ थोपट. तू इथे नाहीस, तर तिथल्या भिंतीवर हात मार आणि माझी पाठ समज.

काल सौसरहून भैय्याजी आले. तुला माहीत आहे, नकाशा निघाला त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली होती की पांढुर्णा-सौसर नागपूरला जोडेपर्यंत चहा घेणार नाही. तेव्हापासून हा देशभक्त कॉफी पितो. काल दोन कप प्यायले आणि तिसऱ्याला नाही म्हणाले नाहीत.

मी तिसरा कप त्यांच्या हातात देऊन मोठ्याने म्हटलं, "भैय्याजी, तुमचं खरं आहे जी. मुलुखासाठी तुम्ही काही तरी सोडलं. बाकीच्यांनी नुसत्या सह्याच केल्या."

बाबा लोडाला टेकून डोळे मिटून होते. एक डोळा उघडला.

"चहा सोडला, काय मोठं केलं," ते म्हणाले. "कॉफी पिऊन राहिला ना."

"तू काय सोडलं मंग, केशवराव?" भैय्याजी चिडले.

मी कपबशा गोळा करत होते. दादा, काळीज असं धडधडत होतं की यंत्र लावलं असतं तर पट्टीचा कागद संपला असता. बाबा सरळ बसले आणि म्हणाले, "मी मीठ सोडतो. पांढुर्णा नागपुरात जाईपर्यंत मीठ म्हणून जिभेले लावणार नाही. अनू, तुह्या मायले बोलव."

आईने लगेच देवापुढे समई लावली, सुपारी ठेवली, बाबांच्या हातावर पाणी देऊन संकल्प सोडायला लावला. भैय्याजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कॉफी गार झाली त्यांची. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत कळलं की केशवरावांनी पांढुर्ण्यासाठी मीठ सोडलं. आता लोणच्याच्या बरणीकडे पाहायचीही सोय नाही. जे डॉक्टरसाठी जमत नव्हतं ते एका फुशारकीने झालं. तुला म्हणून सांगते, बाबांना औषध पाजायचं तर आजार म्हणून नाही, हट्ट म्हणून पाजावं लागतं.

मोरेश्वर डॉक्टरांना सांगितलं तर हसून हसून त्यांनी चष्मा काढला. मग एकदम गंभीर झाले. "मंग आता देवाले एवढंच मागा," म्हणाले, "का पांढुर्णा कधी नागपुरात जाऊ नये."

तुझी हुशार बहीण,
अनू

*

पांढुर्णा, १४ फेब्रुवारी १९५७

दादा,

बाबा बागेत जाऊन आले. चालत. कलाबाई, आपल्या बागेत संत्री तोडायला येते ती, त्यांना पाहून टोपली खाली ठेवून आली आणि पायाला हात लावून म्हणाली, "मालक, तुमचे घोटे दिसून राहिले ना जी." खरंच घोटे दिसतात. वहाणा होतात. रोज एक संत्रं खायला डॉक्टरांनीच सांगितलं आहे, त्यामुळे बाबा म्हणतात आपण आपलं औषध आपणच पिकवतो.

घरात त्या व्रताचा थाट बघायला तू हवा होतास. आई आंघोळ करून बाबांचं वेगळ्या चुलीवर रांधते, पितळेच्या छोट्या पातेल्यात, आणि आम्हाला त्याला हात लावू देत नाही. कोणी भेटायला आलं की बाबा ताटाकडे बोट दाखवतात. "मीठ नाही. एक कण नाही." लोक हात जोडतात. आपल्या घरचा माणूस जिवंतपणी इतका पूजला जाईल असं वाटलं नव्हतं.

परवा त्यांच्या ताटातली उरलेली वांग्याची भाजी मी चोरून चाखली. काय सांगू, आईच्या हाताला अशी चव आहे की बिनमिठाचं वांगंसुद्धा अळणी लागत नाही. मी तिला म्हटलं तर लाजली.

ती स्वतःही बाबांसाठी उपवासावर उपवास करते आहे. किराण्याच्या दुकानातून सैंधवाचा खडा मला पुन्हा आणायला लावला. तिला म्हटलं, तू आजारी पडलीस तर मी किती जणांच्या नाड्या मोजू?

बाबांना आता सौसरला जायचं आहे, भैय्याजींकडे बैठक आहे. मी नको म्हणते. मोरेश्वर डॉक्टर म्हणतात मोटारीने सावकाश जाऊन या. बाबा म्हणतात, "बैलाले गोठ्यात बांधून ठेवलं तं तो बी मरते."

त्यांनी एकदा तुझी चौकशी केली. म्हणजे तसं नाही म्हणता येणार. भोपाळला थंडी फार असते का, असं हवेला विचारलं. हवेने उत्तर दिलं नाही, म्हणून मी दिलं, की असते. पण उठून बाहेर गेले नाहीत, दादा.

तुझी अनू

*

पांढुर्णा, २३ फेब्रुवारी १९५७

दादा,

हे पत्र मिळताच नीघ.

सौसरहून आल्यापासून सूज परत आली. आधी वाटलं मोटारीत पाय लोंबकळले म्हणून. आता मांड्यांपर्यंत आली आहे आणि बाबांना दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागतं. मोरेश्वर डॉक्टरांनी इंजेक्शन वाढवलं, पण पहिल्यासारखं पाणी सुटत नाही. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "औषध आता लागू पडून नाही राहिलं, पोरी. हृदयानं हात टेकले असतील. मुकुंदाले बोलावून घे."

मी नाडी मोजते, गोळ्या देते, सगळं नेमाने करते, तरी हे काय झालं? बाबा अजून ताटाकडे बोट दाखवून "एक कण नाही" म्हणतात, पण आता म्हणताना दम लागतो. आई त्यांच्यासाठी आणखी काही काही करून घालते, खायला तरी पाहिजे म्हणून.

राग राहू दे. पाय मागे घेतले तर घेऊ दे. तू ये.

अनू

*

पांढुर्णा, १ मार्च १९५७

दादा,

तुझं कार्ड आलं की रजा मिळत नाही. ते बाजूला ठेवते, त्याचा हिशेब नंतर. आधी हे ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल.

परवा महाशिवरात्र झाली. मलाही उपवास होता. शाळेतून आले तर आईने भगर वाढली. पहिला घास तोंडात गेला आणि माझा हात तसाच राहिला. ही चव मला ओळखीची वाटली. भगरीची नाही, भगरीतली. हीच चव त्या दिवशीच्या वांग्यात होती.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई त्या पितळी पातेल्यात बाबांसाठी शेंगदाण्याची आमटी ढवळत होती. शेजारी वाटीत सैंधव कुटून ठेवलेलं, आणि ती चिमटीने त्यातलं आमटीत घालत होती.

"आई, हे काय करून राहिली?"

"का वं? आमटी."

"बाबांच्या आमटीत सैंधव?"

"मंग काय टाकू? मीठ तं त्यायनं सोडलं आहे."

दादा, मी ती वाटी उचलून घेतली. मी विचारलं, कधीपासून. तर संकल्प सोडला त्या दिवसापासून. रोज, दोन्ही वेळा, भाजीत, वरणात, ताकात. मी ओरडले की सैंधवही मीठच आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिला शिकवून पैसे वाया गेले.

"मीठ असतं तं एकादशीले चाललं असतं का? उपवासाले मीठ चालते कधी? सैंधव चालते. व्रतात चालते ते व्रतात टाकलं, यात माह्यं काय चुकलं?"

काय उत्तर देशील याला? आपण सगळे लहानपणापासून हेच मानत आलो. मी स्वतः दुकानातून खडे आणून दिले, आणि मला एकदाही वाटलं नाही की यात काही आहे. आणि खरी कारागिरी माझीच, दादा. डॉक्टरचं पथ्य असतं तर आईने पथ्यासारखं सांभाळलं असतं. मी त्याचं व्रत करून टाकलं, मग आईने त्याला व्रताचेच नियम लावले.

मी चप्पल न घालता मोरेश्वर डॉक्टरांकडे पळत गेले. त्यांना सांगितलं तर ते खुर्चीत बसले, डोकं धरलं, आणि मग पेशंटांसमोर मोठ्याने म्हणाले, "मी मीठ बंद सांगितलं. कोणतं मीठ, हे सांगायचं मलेच नाही सुचलं. माह्या घरी बी सैंधवाले मीठ नाही म्हणत." ते माझ्याबरोबरच आले. स्वयंपाकघरात बसून एकेक डबा उघडला. पापडात पापडखार, तोही बंद. सांडगे बंद. आई प्रत्येक डब्याबरोबर लहान होत चालली होती.

मग ती देवघरात जाऊन बसली आणि जेवेना. "मीच पाजलं ना त्यायले," एवढंच म्हणत होती. मला तिची समजूत घालता येईना. बाबांनी हाक मारली. त्यांना उठवत नव्हतं, म्हणून मी आईला धरून त्यांच्या खाटेपाशी आणलं.

"कायले रडून राहिली?" ते दम घेत म्हणाले. "तू चोरून घातलं का? नेमानं घातलं. व्रत काही मोडलं नाही. आता जरा कडक करू, बस. सैंधव बी सोडू." मग माझ्याकडे वळून, "तरीच म्हणलं, हा भैय्याजी कॉफी पिते अन् मी एवढा मोठा त्यागी कसा काय झालो."

आई हसली, दादा. रडता रडता हसली. आणि त्यांनी तिला आपल्या ताटातलं संत्रं सोलून खायला लावलं.

काल इंजेक्शन दिलं. पाणी सुटलं आहे. पहिल्यासारखं. मी भांडं उचलताना गाणं म्हणत होते, कलाबाई म्हणाली पोरीचं डोकं फिरलं. फिरू दे. औषध हरलं नव्हतं, बैलानेही हात टेकले नव्हते. आम्हीच मागून पाट सोडून ठेवला होता.

अनू

*

पांढुर्णा, २२ मार्च १९५७

दादा,

आता तो हिशेब.

होळीला भैय्याजी आले. गप्पांच्या भरात बोलून गेले, "शिवरात्रीच्या दिवशी मुकुंदाले पाहिलं होतं मी. नागपूरच्या पॅसेंजरमध्ये, खिडकीत." मग त्यांच्या लक्षात आलं की या घरात ते नाव घ्यायचं नसतं, आणि त्यांनी कॉफीत तोंड घातलं.

रजा मिळत नाही म्हणून लिहिणारा मुकुंद. माझं पत्र वाचून तू निघालास, पांढुर्ण्यापर्यंत आलास, आणि उतरला नाहीस. मी चिडायचं ठरवलं होतं, पण बाबा माझ्या आधी बोलले.

"गाडी किती वेळ थांबली?"

"इंजनानं पाणी घेतलं तेवढा वेळ," भैय्याजी म्हणाले.

"मंग? तो खिडकीतच बसला होता?"

"दारात येऊन उभा राहिला होता जी. फलाटाकडे पाहून राहिला होता. मंग आत गेला."

बाबांनी दोन्ही पाय खाटेवरून खाली सोडले आणि त्यांच्याकडे पाहत बसले. भैय्याजी उठून गेले तरी ते तसेच. मग म्हणाले, "मी पाय काढून घेतले नसते त्या दिवशी, तं उतरला असता तो." मला वाईटही वाटत होतं आणि छातीत फटाके फुटत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तुझ्याबद्दल बोलताना हवेकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तू त्याले लिहित असते ना?"

मी भैय्याजींची कपबशी उचलायला वाकले.

"तुह्यं तोंड पाहून कळते मले. ज्या दिवशी कार्ड येते त्या दिवशी तू भाकर जास्त खाते."

आता तब्येतीचं ऐक, म्हणजे पुढच्या कार्डावर तुला नुसतं सुजेचंच विचारावं लागणार नाही. सूज पूर्ण गेली. परवा नागपूरला तपासून आणलं. ब्लडप्रेशर उतरलं आहे, इंजेक्शन आता क्वचितच लागेल, गोळ्या मात्र चालू राहतील आणि मीठ कधीच नाही. मोठ्या डॉक्टरांना सैंधवाची गोष्ट सांगितली तर त्यांनी तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून ती पुन्हा सांगायला लावली. म्हणाले, पेशंटला मीठ बंद सांगाल तेव्हा सैंधवाचं नाव घेऊन सांगा. आईला मी हे सांगितलं. तिला वाटतं आपला सत्कार झाला. मी तसंच राहू दिलं.

आई आता खरोखरचं अळणी करते. लिंबू, चिंच, जिरं, लसूण, कोथिंबीर. चव त्या वांग्यासारखी नाही. बाबा तोंड वाकडं करतात, आणि कोणी आलं की ताटाकडे बोट दाखवतात. मीही त्यांच्याबरोबर तेच खाते. तू आलास की तुलाही तेच मिळेल, आधीच सांगून ठेवते.

दादा, मला तुझी फार आठवण येते. हे मी एकदाही लिहिलं नाही, भांडणच करत राहिले. पाडवा आठवड्यावर आला आहे. गुढीला उंच काठी बांधायला मला खुर्ची लागते, तुला लागत नाही.

खालची जागा मी मुद्दाम सोडली आहे. बाबांनी लेखणी मागितली आहे.

तुझी अनू

*

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

अनूने जागा थोडीच ठेवली, म्हणून थोडक्यात लिहितो. तब्येत बरी आहे. तुझ्या सरकारात कोणी विचारलं तर सांग, पांढुर्ण्याची घाई नाही. आमचा अर्ज मागे घेतलेला नाही, पण पांढुर्णा नागपुरात गेला तर व्रत सुटेल, मीठ सुरू होईल, आणि डॉक्टर म्हणतो मग मी वाचत नाही. सबब तूर्त आम्ही तुमच्याकडेच आहोत.

भोपाळला थंडी असते असं अनू म्हणते. लोकरी कपडे वापरत जा.

सूज उतरली. वहाणा होतात, स्टेशनापर्यंत चालत जाऊन पाहिलं, दम लागला नाही. पाडव्याच्या दिवशी मी फलाटावर येतो. गाडी इंजिनात पाणी घेईपर्यंत थांबते, तेवढा वेळ पुष्कळ आहे. या खेपेस उतर. पाय जागेवर राहतील.

तुझा बाप
केशव